भालकीच्या बोअरवरचा बूटलोडर

बीदर जिल्ह्यातले भालकी, औराद, कमलनगर आणि त्यांच्याखाली कलबुर्गी जिल्ह्यातला आळंद, हा सगळा सीमेचा पट्टा. घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दखनी. मी याच भागातला. इंजिनिअरिंग बीदरला केलं आणि नोकरीला पुण्यात आलो, एम्बेडेड हार्डवेअरच्या कामावर. २०१९ मध्ये जलजीवन मिशन सुरू झाल्यावर गावोगावच्या बोअरवर आणि टाक्यांवर मोजणीच्या पेट्या बसवायची कामं निघाली. त्यातलं एक छोटं काम आमच्या कंपनीकडे आलं. बोअरमधली पाण्याची पातळी, टाकी किती भरली, मोटार किती वेळ चालली, तिन्ही फेज आहेत की नाहीत, एवढं दर पंधरा मिनिटांनी मोबाइलच्या सिमवरून पाठवायचं. बोर्ड आमचा स्वतःचा होता. त्यावर कुठला बूटलोडर घ्यायचा आणि तो आमच्या बोर्डावर कसा चालता करायचा, हे माझ्या वाट्याला आलं.

पाण्याची पातळी मोजण्याला इथे का महत्त्व आहे, हे या भागात वाढलेल्याला सांगावं लागत नाही. वर तांबडा जांभा, खाली काळा पाषाण. पाणी सापडतं ते त्या दोघांच्या सांध्यात नाहीतर पाषाणाच्या भेगांत. बीदरजवळ नौबादला बहामनी काळातली करेझ आहे, जमिनीखालून पाणी आणणारा लांबलचक बोगदा. तीही याच सांध्याचा अंदाज घेऊन खोदलेली. एका शेतात बोअरला धो धो पाणी आणि शंभर पावलांवर कोरडी धूळ, हे आमच्याकडे नेहमीचं. गावची बोअर मार्चमध्ये किती खाली गेली हे कळलं, तर टँकर मागायचा अर्ज वेळेत जातो. म्हणून पेटी चालू राहणं मला मनापासून गरजेचं वाटत होतं.

आता बूटलोडर म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. बोर्डाला वीज मिळाली की प्रोसेसर जागा होतो, पण त्या क्षणी त्याला काहीच हाताशी नसतं. मोठी मेमरी चालू झालेली नसते, लिनक्स कुठे ठेवलंय ते ठाऊक नसतं. चिपच्या पोटात कारखान्यातच कोरलेला एक छोटा प्रोग्रॅम असतो, त्याला रॉम कोड म्हणतात. तो फक्त पुढचा छोटा प्रोग्रॅम शोधून आत घेतो. तो छोटा प्रोग्रॅम मेमरी चालू करतो आणि मोठ्या बूटलोडरला आणतो. मोठा बूटलोडर लिनक्स आणतो आणि बाजूला होतो. बोअरवरच्या वॉटरमनमामांना मी सांगितलं, की मोटार पाणी ओढायच्या आधी तुम्ही पंपात पाणी भरता ना, तसंच हे. त्यांना ते लगेच पटलं.

आमच्या आधी कुणीतरी बसवलेल्या पेट्या काही बोअरवर होत्याच. बऱ्याचशा बंद. लोकांनी मानून टाकलं होतं की विजेनं जळाल्या. त्यातली एक मी उघडली. आतला कुठलाच भाग जळालेला नव्हता. व्होल्टेज जिथे जेवढं हवं तिथे तेवढंच. बोर्डाच्या कडेला सिरियल पोर्टची तीन भोकं सापडली, त्यांत तारा डकवून लॅपटॉप जोडला आणि पेटी चालू केली. पडद्यावर यू-बूट या बूटलोडरची ओळ आली, आणि लगेच खाली इशारा, ‘बॅड सीआरसी, युझिंग डिफॉल्ट एन्व्हायर्नमेंट’. त्यानंतर पेटी नेटवर्कवर कुठल्यातरी सर्व्हरला लिनक्सची फाइल मागत राहिली. तो सर्व्हर अर्थातच ती बनवणाऱ्याच्या प्रयोगशाळेत असणार. बोअरच्या खोलीत कुठलं नेटवर्क आणि कुठला सर्व्हर? पेटी वाट बघत बसली होती, बहुधा बसवल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यापासून.

ही गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. यू-बूट आपल्या सेटिंग्ज फ्लॅशवर एका ठरलेल्या जागी ठेवतो, त्याला एन्व्हायर्नमेंट म्हणतात. त्या खऱ्या आहेत की बिघडल्या, हे ओळखायला सोबत एक सीआरसी आकडा असतो. या पेटीत दर वेळी चालू होताना ‘हा कितवा प्रयत्न’ ही मोजणी तिथेच लिहिली जात होती. म्हणजे वीज आली की लेखन. लिहिता लिहिता वीज गेली की अर्धा मजकूर नवा, अर्धा जुना, आणि सीआरसी जुळत नाही. मग यू-बूट प्रोग्रॅममध्ये भरलेल्या मूळ सेटिंग्ज घेतो. त्या मूळ सेटिंग्ज प्रयोगशाळेच्याच राहून गेल्या होत्या. हार्डवेअर ठणठणीत, लिनक्स ठणठणीत, आणि तरी पेटी मेलेली.

“मामा, लाईट आल्यावर ही लगेच चालू व्हायची का?” मी विचारलं.

“लाईट एकदम कुठं येती साहेब,” ते म्हणाले. “येती, जाती, परत येती. डीपीवरच्या समद्या मोटारी ऑटोवर टाकलेल्या हायेत. लाईट आली की एकदम उठत्यात. मग डीपी बसती. चार डाव असं झालं की मग टिकती.”

डीपी म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर. मी मल्टिमीटर लावून तिथेच थांबलो. वीज आली तेव्हा २३० च्या जागी १६० ते १७० व्होल्ट, दोन सेकंदांनी गुल, परत आली, परत गुल. मामांनी सांगितलं होतं अगदी तसंच. या एका वाक्यानं आमच्या बूटलोडरची सगळी निवड ठरली, असं मी आजही मानतो. पुण्यातल्या टेबलावर वीज एकदा येते आणि राहते. इथे बूटलोडरच्या आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा काळ म्हणजे वीज येतानाचं ते अर्धं मिनिट.

आमच्या बोर्डावर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा एएम३३५एक्स प्रोसेसर होता. २०१३ मध्ये आलेल्या बीगलबोन ब्लॅकवर तोच आहे, त्यामुळे त्याची माहिती भरपूर आणि उघडी. बूटलोडरसाठी खरे पर्याय दोन. एक यू-बूट. जर्मनीच्या वोल्फगांग डेन्क यांनी पॉवरपीसी बोर्डांसाठी पीपीसीबूट म्हणून जे सुरू केलं, ते २००२ मध्ये एआरएमबूटला सामावून घेऊन यू-बूट झालं. डेन्क २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये गेले. ज्या माणसाच्या कामावर जगभरच्या कोट्यवधी उपकरणांची सुरुवात होते, त्याचं नाव आपल्या इंजिनिअरिंगच्या वर्गात कुणी घेत नाही, याचं मला वाईट वाटतं. दुसरा पर्याय बेअरबॉक्स. हाही जर्मनीतलाच, पेंगुट्रॉनिक्स या कंपनीचा. आधी यू-बूटची दुसरी आवृत्ती म्हणून सुरू झाला आणि २००९ मध्ये वेगळ्या नावानं उभा राहिला.

मन माझं बेअरबॉक्सकडे ओढत होतं. त्याची रचना स्वच्छ आहे, आज्ञा लिनक्सच्या शेलसारख्या. शिवाय दोन लिनक्सपैकी कुठलं चालवायचं, एकाचे किती प्रयत्न झाले, हे सांभाळणारं बूटचूझर त्यात तयारच आहे. त्यात तर ‘वीज नव्यानं आली असेल तर प्रयत्नांची मोजणी पुन्हा सुरुवातीपासून’ असंही सांगता येतं. आमच्या वीजपुरवठ्याला अगदी हवं तसं. तरीही मी यू-बूट घेतला. कारण माणसांचं होतं. या पेट्यांची पुढची देखभाल मी पुण्यातून करणार नव्हतो. ती भालकी आणि बीदरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलांकडे जाणार होती. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी बीगलबोन हाताळला होता, यू-बूटचा काळा पडदा पाहिला होता. अडलं तर यू-बूटवर विचारायला शंभर जागा आहेत, बेअरबॉक्सवर दहा. जे यू-बूटमध्ये कमी होतं ते भरून काढता येण्यासारखं होतं. माणूस भरून काढता येत नाही.

पोर्टिंगला, म्हणजे यू-बूट आमच्या बोर्डावर चालता करायला, सुरुवात केली तेव्हा पडद्यावर पहिल्यांदा काय दिसलं, तर एकामागून एक ‘सी’ अक्षरं. सी सी सी सी. नवख्याला वाटतं बोर्ड बिघडला. उलट ती चांगली खूण आहे. रॉम कोडला कुठेच प्रोग्रॅम सापडला नाही, म्हणून तो सिरियल तारेवरून पाठवा असं म्हणतोय. प्रोसेसर जिवंत आहे, घड्याळ चालू आहे, तार बरोबर जोडली आहे. माझ्यासोबतच्या भालकीच्या मुलाला मी म्हटलं, ही अक्षरं आली म्हणजे अर्धा बोर्ड पास झाला समज. त्याच तारेवरून एक्समोडेमनं पहिला छोटा प्रोग्रॅम, एसपीएल, आत सोडला. तो १०९ केबीपेक्षा मोठा चालत नाही, कारण तोपर्यंत फक्त चिपच्या पोटातली इवलीशी मेमरी उपलब्ध असते. म्हणून एसपीएलमध्ये काय ठेवायचं आणि काय काढायचं, याचा हिशेब काटेकोर लागतो.

पुढची अडचण ओळखीची होती. या प्रोसेसरसाठीचा यू-बूटमधला तयार कोड बोर्डावरच्या एका छोट्या ईईप्रॉममधून बोर्डाचं नाव वाचतो आणि त्यावरून मेमरीचे आकडे ठरवतो. आमच्या बोर्डावर ईईप्रॉम ठेवलेलाच नव्हता, खर्च वाचवायला. नाव सापडलं नाही की कोड दुसऱ्याच जातीच्या मेमरीचे आकडे लावतो, आणि एसपीएलची एक ओळ दिसून सगळं शांत होतं. आम्ही आमच्या बोर्डाचं वेगळं फोल्डर केलं, ओळखपाळख काढून टाकली आणि डीडीआर३ चे आकडे थेट भरले. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या तक्त्यात तारांची लांबी आणि मेमरी चिपच्या वेळा टाकल्या की ते आकडे मिळतात. इथरनेट, एलईडी, मॉडेमचं पॉवर बटण ही पुढची कामं डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डावर काय कुठे जोडलंय ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, सरळ झाली.

मेमरीचा एक आकडा मात्र नीट सांगायलाच हवा. डीडीआर मेमरीतला मजकूर आपोआप टिकत नाही, तो सतत ताजा करत राहावा लागतो. साधारण तापमानाला सरासरी दर ७.८ मायक्रोसेकंदांना एकदा. पण चिपचं अंग ८५ अंशांच्या वर गेलं तर हाच काळ निम्मा, म्हणजे ३.९ मायक्रोसेकंद करावा लागतो, असं मेमरीच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं असतं. कलबुर्गीचा मे महिना ज्यानं काढलाय त्याला कळेल मी काय म्हणतोय. बाहेर ४३ अंश, पत्र्याची पेटी दुपारभर उन्हात, आत प्रोसेसर आणि मॉडेम आपापली उष्णता सोडताहेत. आम्ही पेटीत तापमापक ठेवून पाहिलं आणि निर्णय घेतला: ४०० मेगाहर्ट्झच्या घड्याळावर नियंत्रकात जो आकडा ३१२० भरतात, तो १५६० केला. मेमरीचा वेग किंचित घटतो. पाण्याची पातळी दर पंधरा मिनिटांनी पाठवणाऱ्या पेटीला त्यानं काही फरक पडत नाही.

मग आला विजेचा प्रश्न, ज्यासाठी हे सगळं चाललं होतं. पहिला नियम असा केला, की चालू होताना बूटलोडर फ्लॅशवर एक अक्षरही लिहिणार नाही. सेटिंग्जच्या दोन प्रती ठेवल्या. बदल करायचा असेल तेव्हा एका वेळी एकाच प्रतीवर लेखन होतं, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी दुसरी शाबूत राहते. आणि प्रोग्रॅममध्ये भरलेल्या मूळ सेटिंग्ज त्याच ठेवल्या ज्या गावात लागतात. दोन्ही प्रती नष्ट झाल्या तरी पेटी मुकाट्यानं लिनक्स चालू करेल. एसपीएलसुद्धा ईएमएमसीवर, म्हणजे बोर्डावरच्या फ्लॅशवर, १२८ आणि २५६ केबीच्या ठिकाणी असं दोनदा ठेवलं, कारण एका जागी नीट मजकूर सापडला नाही तर या प्रोसेसरचा रॉम पुढच्या ठरलेल्या जागी बघतो.

प्रयत्नांची मोजणी मात्र हवीच होती. नवीन लिनक्स पाठवलं आणि ते अडकलं, तर वॉचडॉगनं, म्हणजे अडकलेला बोर्ड ओळखणाऱ्या टायमरनं, बोर्ड रीसेट करावा आणि काही प्रयत्नांनंतर यू-बूटनं आपणहून जुन्या लिनक्सवर जावं, ही सोय नसेल तर प्रत्येक चुकीसाठी कुणाला तरी औरादला पाठवावं लागेल. प्रश्न एवढाच, की ही मोजणी ठेवायची कुठे. फ्लॅशवर ठेवली तर वीज चारदा आली-गेली की मोजणी चार होते आणि काही बिघडलेलं नसताना पेटी जुन्या लिनक्सवर घसरते. या प्रोसेसरच्या घड्याळाच्या भागात काही मोकळे रजिस्टर आहेत आणि यू-बूटला मोजणी तिथे ठेवता येते. वॉचडॉगनं रीसेट केला तर तो आकडा टिकतो. वीज पूर्ण गेली की पुसला जातो, कारण आमच्या बोर्डावर घड्याळाला वेगळी बॅटरी नाही. वेळ आम्ही मोबाइलच्या नेटवर्कवरून घेतो. आम्हाला हवा होता तो फरक इथे हार्डवेअरच करून देत होतं: लिनक्स अडकलं तर मोजायचं, लाईट गेली तर सोडून द्यायचं. हे सुचल्यावर मी आणि तो भालकीचा मुलगा दोघेही उठून उभे राहिलो होतो.

तपासणीसाठी बोअरवर नोंदवलेला विजेचा चढउतार आम्ही टेबलावर पुन्हा उभा केला. रिले लावून तसंच येणं-जाणं, व्हेरिअॅकवर १६० व्होल्ट. रात्रभर पेटी त्याच तालावर चालू-बंद होत राहायची आणि सकाळी आम्ही सिरियल नोंदी वाचायचो. नोंदींत बॅड सीआरसी ही ओळ शोधायची, ती नसली की चहा.

टेबलावर न सापडलेली एक गोष्ट गावात सापडली. एका बोअरवर पेटी अधूनमधून यू-बूटच्या पायरीवरच अडून राहायची. यू-बूट लिनक्सकडे जायच्या आधी काही क्षण थांबतो आणि सिरियल तारेवर कळ दाबली गेली तर तिथेच थबकतो, ही सोय बनवणाऱ्यासाठी असते. आमची पेटी मोटारीच्या स्टार्टरला लागून होती आणि सिरियलची पिन मोकळी. स्टार्टरचा कॉन्टॅक्टर पडला की त्या मोकळ्या पिनवर खळखळाट व्हायचा आणि यू-बूटला वाटायचं कुणी कळ दाबली. पिनवर एक पुल-अप रेझिस्टर लावला आणि यू-बूटमध्ये ठरलेला शब्द टाईप केल्याशिवाय थांबायचं नाही अशी सेटिंग केली. तेव्हापासून ते थांबलं. आता मामा पेटीचं दार उघडतात ते फक्त पाली हाकलायला.

त्या पेट्या भालकी आणि आळंदकडे आजही चालू आहेत. देखभाल तो भालकीचा मुलगा आणि त्याच्यासोबतची दोघं करतात. गेल्या वर्षी त्यांनी यू-बूटची नवी आवृत्ती स्वतः चढवली, मला फक्त कळवलं.

गावोगावच्या पंचायत सदस्यांना आणि पाणीपुरवठ्याच्या ज्युनिअर इंजिनिअरांना माझी एक विनंती आहे. अशी पेटी घेताना निविदेत तीन ओळी जास्त लिहा. सिरियल पोर्ट बोर्डावर उघडा हवा. बूटलोडरचा सोर्स आणि तो बांधायची कृती पेटीबरोबर मिळाली पाहिजे. यू-बूट जीपीएल परवान्याखाली आहे, त्यामुळे पेटी ज्याच्या हाती आली त्याला तो मागायचा हक्कच आहे. आणि पास करण्याआधी पेटी तुमच्याच डीपीवर, सगळ्या मोटारी ऑटोवर असताना, लाईट येतानाच्या वेळेला लावून बघा. पुरवठादार कितीही मोठा असला तरी या तीन गोष्टींवर अडून बसा.